शिसवी कड्याचं गिऱ्हाईक

एका राज्यात, जिथं संध्याकाळी राजवाड्याची सावली थेट बाजारावर पडायची, तिथं सगुणाबाईचं जुन्या वस्तूंचं दुकान होतं. दुकान केवढं? चार माणसं आत शिरली की पाचव्यानं पायरीवर थांबायचं. पण तिथली रीत मोठी कडक होती बरं का! फळीवरची वस्तू सगुणाबाईची नसायची. लोक आपलं जुनं सामान विकायला आणून ठेवायचे, कुणी समई, कुणी पाळणा, कुणी तलवारीचं म्यान. वस्तू विकली गेली की आलेल्या मोलाचे तीन हिस्से मालकाचे आणि चौथा दुकानाचा. विकली नाही तर दर अमावास्येला तिचं मोल उतरायचं. तिसऱ्या अमावास्येला दुकानात दिवा लागला की मालकानं ती परत न्यायची. मालक आलाच नाही, तर मात्र ती दुकानाची.

आणखीही नेम होते. वस्तू घेताना ती मालकासमोर उघडून बघायची आणि तिचा दोष त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचा. विकताना तो दोष गिऱ्हाइकाला मोठ्यानं सांगायचा. आणि घरच्यांनी ठेवीची वस्तू ना वापरायची, ना विकत घ्यायची.

वरच्या फळीवर पिंजऱ्यात एक मैना होती. तिचा मालक तिला ठेवून गेला तो गेलाच. विचारलं तरच ती बोलायची, आणि बोलली की खरंच बोलायची. हाच तिचा दोष! तो ऐकला की गिऱ्हाईक पिंजरा खाली ठेवायचं. घरात चोवीस तास खरं बोलणारं कुणाला हवंय हो? सगुणाबाईची लेक शेवंता तेवढी तिला रोज डाळ भरवायची.

त्या काळी राज्यात एक भय पसरलं होतं. गावोगावच्या तरण्या मुली नाहीशा होत होत्या. राजा शूरकेतूची धाकटी बहीण हेमांगी बांगड्या बघायला म्हणून बाजारात गेली, ती परतली नाही. राजाचा संशय सख्ख्या भावावर. त्यानंच तिला लपवलं, असं राजानं मनाशी धरलं, आणि दोघा भावांत बोलणं उरलं नाही.

एके दिवशी भरदुपारी दुकानात गारवा शिरला. दारात एक उंच म्हातारा उभा होता, जटा पार घोट्यांपर्यंत आलेल्या. तो जटाळ मांत्रिक होता.

"ठेव घे," तो म्हणाला. फळीवर त्यानं एक बंद डबी ठेवली.

"उघडून बघते. दोष सांगा," सगुणाबाई म्हणाली.

जटाळानं तिच्याकडे नुसतं बघितलं. त्याच्या डोळ्यांत बाहुल्याच नव्हत्या. सगुणाबाईच्या अंगाला दरदरून घाम फुटला. जन्मात कधी मोडली नव्हती ती रीत तिनं त्या क्षणी मोडली, आणि डबी न उघडताच ठेवून घेतली.

"तिसऱ्या अमावास्येला येईन," असं म्हणून तो गेला.

डबी उघडली ती शेवंतानं, आई पाणी आणायला गेली असताना. आत शिसवीचं काळंभोर कडं होतं. त्यावर कोरलेल्या बाहुल्या एकमेकींचे हात धरून गोल उभ्या होत्या. एका ठिकाणी मात्र जागा रिकामी होती. पोरीला मोह आवरेना. क्षणभर घालून बघू, कुणाला कळतंय, असं म्हणून तिनं कडं मनगटात सरकवलं. ते निघेना. तेल लावलं तरी निघेना. तिनं बाही खाली ओढली आणि आईला चकार शब्द सांगितला नाही.

पहिल्या अमावास्येला ताट वाढताना शेवंताची बोटं ताटावर टक् टक् वाजली. सगुणाबाईनं बाही वर केली. कोपरापर्यंत हात लाकडाचा झाला होता! कड्यावरच्या रिकाम्या जागी एक चेहरा उमटू लागला होता, आणि त्याचं नाक शेवंतासारखं होतं.

"आई, माझं चुकलं," शेवंता रडू लागली.

"आधी माझं चुकलं, बाळ," सगुणाबाई म्हणाली. तिनं लेकीला पोटाशी धरलं. शेवटी तिनं वर बघून विचारलं, "मैने, हे काय आहे?"

"कडं मालकाचं ऐकतं," मैना म्हणाली. "तिसऱ्या अमावास्येला मालक माल परत नेईल, आणि मालात तुझी लेक असेल. आधीच्याही अशाच गेल्या. मालक बदलला आणि नवा मालक 'सोड' म्हणाला, तरच ती सुटेल."

"मग विकते!"

"दोष सांगून विक. लपवून दिलंस तर ती विक्री नव्हे. आणि दोष हा की कडं रिकामं झालं की मालकाचंच मनगट धरतं."

सगुणाबाईनं कड्याकडे बघितलं. असली वस्तू दोष ऐकून कोण घेणार?

पहिलं गिऱ्हाईक आलं ते एक सावकार. कडं बघून त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. सगुणाबाईला वाटलं, गप्प राहावं, देऊन टाकावं. मग तिनं डोळे मिटले आणि दोष सांगितला. सावकार जोडे तिथंच टाकून पळाला.

दुसरी अमावास्या झाली. लाकूड गळ्यापर्यंत चढलं. शेवंताला मान वळवता येईना. तिला घास भरवताना सगुणाबाईच्या बोटांना लाकडाचा गार स्पर्श व्हायचा.

दुसरं गिऱ्हाईक म्हणून आला तो प्रत्यक्ष राजा. त्यानं दोष शांतपणे ऐकून घेतला.

"घेतो," राजा म्हणाला. "तुझी लेक सोडवतो. कडं रिकामं होण्याआधी ते भावाच्या नवरीच्या हातात चढेल. त्यानं माझी बहीण नेली, मी त्याची बायको नेईन."

"महाराज, त्या मुलीला दोष सांगाल?"

राजानं थैली उघडून फळीवर मोहरा ओतल्या.

सगुणाबाईनं लेकीकडे बघितलं. शेवंताचे डोळे तेवढे जिवंत होते आणि त्यांतून पाणी वाहत होतं. "हो" म्हटलं की लेक सुटत होती. पण मग दुसरी कुणाची तरी लेक आत जाणार होती.

"नाही विकत, महाराज," ती म्हणाली.

"अमावास्या उलटू दे. या दुकानाची वीटही जागेवर ठेवणार नाही," असं म्हणून राजा निघून गेला.

तिसरी अमावास्या उजाडली. आज कड्याचं मोल उतरून गिऱ्हाईक देईल ते, इतक्यावर आलं होतं. सगुणाबाईनं मैनेला विचारलं, "तू घेशील?"

"घेता येणार नाही. मी दुकानाची वस्तू आहे. दुकानानं स्वतःच विकत घ्यायचं नाही."

सगुणाबाईनं पिंजऱ्याची कडी उपटून फेकून दिली. "जा. आता तू कुणाची नाहीस."

मैना उडाली आणि राजवाड्यावरून दिसेनाशी झाली. दुपार कलली, ऊन उतरलं, तिचा पत्ता नव्हता. ती येईल, असं तिनं कबूलही केलं नव्हतं. सगुणाबाई दारात उभी राहून आभाळाकडे बघत राहिली.

बाजारात दिवे लागू लागले. गारवा शिरला आणि जटाळ पायरी चढला.

"माल परत."

"दुकानात दिवा लागला नाही अजून."

"लाव."

सगुणाबाईला वात समईत बसवता येईना. तेल सांडलं. शेवंताच्या ओठांवर लाकडाच्या रेषा उमटल्या. जटाळानं पुढे झुकून वात स्वतःच उचलली.

"दुकान उघडं आहे का?" वरून आवाज आला. दाराच्या चौकटीवर मैना बसली होती.

"उघडं आहे!" सगुणाबाई ओरडली. "शिसवी कडं आहे. दोष असा, की ते माणूस गिळतं आणि रिकामं झालं की मालकाचं मनगट धरतं. चालेल?"

"ऐकलं. चालेल." मैनेनं चोचीनं एक पीस उपटून फळीवर टाकलं. "कड्या, माझं ऐक. सगळ्यांना सोड."

कडं कडाडलं. एकेक बाहुली उतरली आणि उतरताच हाडामांसाची मुलगी झाली. दुकान भरलं, पायरी भरली, मुली रस्त्यापर्यंत उभ्या राहिल्या. त्यांत राजकन्या हेमांगीही होती. रिकामं कडं मैनेवर झेपावलं, मनगट शोधत तिच्याभोवती गरगर फिरलं. पाखराला कुठलं मनगट? भुकेनं तडकून त्याचा भुसा झाला.

सगुणाबाईनं कातरीनं पिसाचा चौथा हिस्सा कापून ठेवला आणि उरलेलं जटाळापुढे धरलं. "तुमचा माल विकला गेला. हे तुमचं." त्याला ते घ्यावंच लागलं. पीस हातात येताच त्याच्या जटा गळून पडल्या. एक साधा, वाकलेला म्हातारा पायरी उतरून निघून गेला.

"इतका उशीर का गं केलास?" सगुणाबाईनं डोळे पुसत विचारलं.

"आभाळ फार मोठं आहे," मैना म्हणाली. "येऊ नये, असं वाटलं होतं. मग डाळ आठवली."

शेवंता बरी झाली, पण उजवी करंगळी लाकडाचीच राहिली. आता गल्ल्यावर तीच बसते.

काही दिवसांनी राजा पुन्हा आला, एकटाच आणि पायी. हेमांगीनं त्याला सगळं सांगितलं होतं. त्यानं फळीवर एक रत्नजडित कट्यार ठेवली. "विकायची आहे," तो म्हणाला.

सगुणाबाई दोन पावलं मागं सरली. शेवंतानं मात्र कट्यार म्यानातून काढून नीट बघितली आणि लाकडी करंगळीनं फळी वाजवली.

"दोष बोला, महाराज."

रस्त्यावर माणसं थांबली होती. राजानं एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"भावासाठी पाजळली होती," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं.