मिस्त्रींच्या हातचा टेस्टर

“अजून काय शिकाचं रायलं माझं, ते तरी सांगा काका.”

प्रफुल्ल येरणेनं हे विचारलं ते वर्ध्यातल्या एका बंगल्याच्या गच्चीवर, मे महिन्याच्या भर दुपारी. एसी दुरुस्त करणारे झाडे मिस्त्री टाकीच्या सावलीत टेकले होते.

प्रफुल्ल सात वर्षं त्यांच्या हाताखाली होता. हात खरोखर चांगला. फक्त हे इतरांच्या आधी त्यालाच कळलं होतं.

एका नव्या वसाहतीतले सगळे एसी एकट्यानं सांभाळायची नोकरी त्याला चालून आली होती. तिथल्या मॅनेजरनं एकच अट घातली होती. झाडे मिस्त्रींनी ‘याला एकटा सोडा’ असं म्हणावं. संध्याकाळी त्याचा फोन यायचा होता.

“सांगा ना.”

“आधी कॉन्टॅक्टर बदल.”

एसीच्या बाहेरच्या पेटीत एक खटका असतो. खोलीतून हुकूम आला की तो खाली बसतो आणि कॉम्प्रेसरला वीज जोडून देतो. तोच कॉन्टॅक्टर. या घरचा जळून काळा पडला होता.

प्रफुल्ल खाली जाऊन एसीचा स्विच पाडून आला. येताना गाडीच्या डिकीतून नवा कॉन्टॅक्टरही घेऊन आला. पेटीचं झाकण उघडलं.

मिस्त्रींनी खिशातून टेस्टर काढून पुढे केला.

“हा घे.”

प्रफुल्लनं टेस्टर तारेच्या टोकांना लावला. एक, दोन, तीन. दिवा लागला नाही. त्यानं आत हात घातला…

मिस्त्रींनी त्याचं मनगट धरलं.

“लाइन बंद आहे काका.”

“कोण म्हणते?”

“टेस्टर म्हणते.”

मिस्त्री त्याला मनगट धरूनच जिन्यापाशी घेऊन गेले. तिथल्या बोर्डावरून वीज घेऊन पाण्याची मोटर घरघरत होती. शेजारचा सॉकेटही चालू होता.

“लाव.”

प्रफुल्लनं टेस्टर सॉकेटात घातला. दिवा लागला नाही. काढून पुसला, पुन्हा घातला.

मोटर घरघरतच होती.

एवढ्या उन्हात त्याच्या अंगावर काटा आला. मेलेला टेस्टर मेलेल्या तारेला लावला काय, जिवंत तारेला लावला काय, सारखंच. म्हणून तर कारागीर टेस्टर आधी जिवंत सॉकेटात घालून पाहतो आणि मगच त्याचं म्हणणं ऐकतो. शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी सांगतात, ते हेच.

“अन् लाइन चालू असती तर?” त्यानं विचारलं.

“तू डिकीकडे गेला होता, तवा मी पाहून घेतली. बंद आहे.”

“मग मेलेला टेस्टर कायले ठेवता खिशात?”

मिस्त्रींनी टेस्टर परत घेतला. बराच वेळ तो अंगठ्यानं चोळत राहिले.

“सुधाकरचा आहे. माझा भाचा. तुझ्याआधी तोच राहे माझ्यासंगं.”

“तो आता…?”

“आर्वीले, अशाच एका गच्चीवर शॉक लागून गेला. हा त्याच्या हातात होता.”

आपण मघाशी काय बोललो ते आठवून प्रफुल्लला स्वतःचीच लाज वाटली.

“चुकलो काका. पुन्हा नाही होणार.”

मिस्त्रींनी दुसऱ्या खिशात हात घातला. दुसरा टेस्टर काढला. पिवळ्या मुठीचा, वापरून गुळगुळीत झालेला.

“हा घे. हा चालते.”

प्रफुल्लनं तो दोन्ही हातांनी घेतला, प्रसाद घ्यावा तसा. डोळे भरून आले होते. तो पेटीपाशी गेला, उकिडवा बसला. आता घाई नव्हती. एकेका टोकाला टेस्टर लावून त्यानं मनाशी मोजत वाट पाहिली.

दिवा लागला नाही.

त्यानं समाधानानं मान हलवली आणि आत हात घातला…

मनगटावर पुन्हा तीच बोटं आली.

प्रफुल्लनं वर पाहिलं. त्याला खरंच काही कळलं नाही.

“आता काय झालं काका? तुम्हीच तर म्हणलं, हा चालते म्हणून.”

मिस्त्रींनी मनगट सोडलं नाही. जिन्यापाशी मोटर घरघरत होती…

“सुधाकरलेही मीच म्हणलं होतं.”