वाडीचा वाटा

दरड कोसळली आणि अर्धी वाडी गाडली गेली. सरकारी शोध आटोपला, पण धोंडाबाई ढेबेचा लेक काही सापडला नाही. मग परदेशी मदतीतून नवी घरं बांधून देणारी संस्था आली. वाडीच्या तोंडाशी तिचा जेसीबी उभा बघून धोंडाबाईनं संचालक साठेसाहेबांचे पाय धरले. "साहेब, तेवढी दरड उपसा."

"बाई, प्रेतं काढणं आमच्या प्रकल्पात बसत नाही."

वर वाडीच्या सभेत त्यांनी सगळ्यांनाच झापलं. "फुकट काही मिळणार नाही. लोकसहभाग पाहिजे! घरांच्या पायाचा दगड वाडीनं द्यायचा. उचलून आम्ही नेऊ."

धोंडाबाई उठली.

"दिला दगड."

"कुठला?"

तिनं दरडीकडे हात केला. "तो सगळा वाडीचाच की. आमच्याच डोक्यावर पडलाय. न्या उचलून, पार तळापर्यंत. दगड तुमच्या प्रकल्पाला. खाली जे निघेल ते प्रकल्पात बसत नाही, ते आम्हाला द्या."

भरसभेत दिलेला शब्द साहेबांना फिरवता येईना. जेसीबी सुरू झाला.

धोंडाबाई लेकाची गोधडी मांडीवर घेऊन कडेला बसली.