मागच्या दाराची भाकरी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, सांगणाऱ्यांनाही ते कधी ठाऊक नव्हतं. डोंगराच्या उतारावर कारवडी नावाचं गाव, आणि त्या गावात गोजराई नावाची पाटलीण होऊन गेली. हाताची सढळ, जिभेची तिखट, आणि घराण्याचा मान डोळ्यांत तेल घालून जपणारी.

कारवडीच्या उतारावर नाचणी पिकायची. सगळं गाव नाचणीवर जगायचं आणि सगळ्या गावाला नाचणीची लाज वाटायची. का, तर भाकरी काळी! पाहुण्यापुढं वाढायचा तो तिसडी तांदळाचा भात, तीनदा सडून पांढराशुभ्र केलेला. भाकरी खायची ती मागच्या दारी, पाहुणा हात धुऊन उठल्यावर. तांदळाचा कोंडा म्हशींना जायचा. म्हशी तुकतुकीत दिसायच्या आणि भात जेवलेली माणसं डुलक्या घ्यायची. पण पाटलिणीच्या गावात हे बोलणार कोण?

गोजराईची एकुलती एक लेक अनसू. खालच्या खोऱ्यात, भातशेतीच्या मोठ्या घरात दिलेली. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली, तेव्हा गोजराईनं ठरवून टाकलं की लेकीला पांढऱ्या भाताशिवाय काही द्यायचं नाही. माहेरी बाळंतपण नाचणीवर काढलं, असं उद्या सासरी कुणी म्हणायला नको.

अनसूला मुलगी झाली. पण दूध उतरेना. अनसूला उठून बसवेना, आणि बाळाचं रडणं दिवसेंदिवस बारीक होत गेलं. गोजराईनं नवस बोलले, दृष्ट काढली, भातावर आणखी तूप ओतलं. काही केल्या फरक पडेना.

एका दुपारी गोजराई मागच्या दारी भाकरी खात बसली होती. वास आत गेला. बाजेवरून अनसूचा आवाज आला, "आये, तू खातीस ती भाकरी मला दे गं."

"येडी का काय? तुझी सासू काय म्हनंल?"

"माझं लेकरू उपाशी हाय, आये."

गोजराईच्या हातातला घास हातातच राहिला. आपण मान जपत बसलो आणि इकडं नात सुकत चालली, हे तिला त्या क्षणी कळलं. ती रडली नाही. उठली आणि जात्याशी बसली. असं म्हणतात, तिनं खुंट्याला हात लावला मात्र, जातं आपणहून फिरू लागलं आणि पिठानं ओसरी भरून गेली. मग गरम भाकरी आणि लोणी, शेवग्याच्या पाल्याची भाजी, कुळथाचं कढण, सकाळी अळिवाची खीर. अनसू जेवत गेली तशी तिच्या अंगात धग आली. असं म्हणतात, पुढं दूध असं उतरलं, की बाळ पिऊन झोपलं तरी शेजारचं लेकरू पाजण्याइतकं उरायचं.

बारशाला अनसूची सासू चंद्रभागाबाई आली, सोबत सासरचं सारं गणगोत. चुलीवर भात शिजत होता. गोजराई मात्र ताट घेऊन ओसरीवर आली आणि विहिणीपुढं तिनं नाचणीची भाकरी ठेवली. बायकांनी पदर तोंडाशी नेले. विहिणीनं ताट सरकवलं असतं, तर अनसूचं सासरी नांदणं कठीण होतं.

गोजराई म्हणाली, "ईहीनबाई, ह्या भाकरीनं तुमची नात जगली. हिला लपवून आता मी कुनाला वाढनार न्हाई."

चंद्रभागाबाईनं पाळण्यात पाहिलं. गुटगुटीत नात मूठ चोखत पडली होती. तिनं भाकरी मोडली, एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. मग गोजराईच्या कानाशी वाकून ती म्हणाली, "आनखी एक वाढा. आमच्याबी मागच्या दारी हीच असती, बाई!"

दोघी विहिणी हसता हसता रडल्या, असं म्हणतात. त्या दिवसापासून कारवडीची भाकरी पुढच्या दारी आली ती आली. पुढं दुष्काळात सगळ्या उतरंडी रिकाम्या झाल्या, पण गोजराईची नाचणीची कणगी कुणी रिकामी पाहिली नाही. गोजराई वारली तेव्हा गावातली एकही चूल पेटली नाही.

आजही कारवडीत बारसं असलं की पहिलं ताट ओसरीवर बाळंतिणीचं. घराघरांतून कुणी भाकरी आणतं, कुणी कढण, कुणी पाल्याची भाजी. पाहुणे कितीही मोठे असोत, ते नंतर. बाळंतीण पहिला घास मोडते आणि आत हाक देते, "गोजराई, तुझी लेक जेवते गं!"

आणि घरात जी कुणी सगळ्यात थोरली बाई असेल, ती आतून ओ देते, "जेव बाय, पोटभर जेव."