गुरुजींची दौत

फार फार वर्षांपूर्वी, जेव्हा नदीवर पूल नव्हते, तेव्हा नदीकाठच्या एका गावात एक पाठशाळा होती. तिच्या भिंतीत ओळीने कोनाडे होते. प्रत्येक मुलाचा एक, आणि दाराजवळचा गुरुजींचा.

कोनाड्यात डावीकडे बोरू, मधे शाईची दौत, उजवीकडे फडकं, मागे कागद. घरी जाताना मुलांनी डोळे मिटून सगळं जागेवर ठेवायचं, असा तिथला नेम होता. सकाळी गुरुजी प्रत्येक कोनाड्यावरून सावकाश हात फिरवीत.

सगुणाचं अक्षर साऱ्या पाठशाळेत सुंदर. पण तिच्या कोनाड्यापाशी गुरुजींचा हात रोज थबके.

"सगुणे, आत कावळिणीने घरटं बांधलंय का गं?"

मुलं हसत. सगुणाही हसे. "गुरुजी, लागेल तेव्हा सापडतं की!"

एके दिवशी तिची शाई सांडली. तिने न विचारता गुरुजींची दौत घेतली, विहिरीच्या काठावर बसून लिहिलं, आणि दौत तिथेच विसरली.

दुसऱ्या दिवशी सगुणाची आई तापाने फणफणली. वैद्य राहत पैलतीरी. नाव दिवसातून एकदाच जाई, आणि नावाडी मोठा विसराळू. एकदा त्याने खोकल्याच्या माणसाला खरजेचं औषध आणून दिलं होतं. तेव्हापासून वैद्यबुवा चिठ्ठीशिवाय औषध देत नसत.

सगुणा धावत पाठशाळेत आली. "गुरुजी, चिठ्ठी लिहायचीय. नाव सुटतेय."

तिने कोनाडा उपसला. चिंचोके निघाले, मोरपीस निघालं. बोरू निघाला नाही.

"माझा घे," गुरुजी म्हणाले. त्यांनी न वळता हात पाठीमागच्या आपल्या कोनाड्यात नेला, डावीकडचा बोरू अलगद काढून दिला. मग हात दौतीकडे गेला, आणि रिकाम्या जागेवर थांबला.

तो हात कोनाडाभर चाचपडू लागला. कोनाडा रिकामा आहे हे दारातूनही दिसत होतं. गुरुजींना दिसत नव्हतं.

जे गुरुजी बोरूचा नुसता आवाज ऐकून "तुझा 'ण' अर्धा राहिला" असं सांगत, त्यांच्या डोळ्यांकडे मुलांनी त्या दिवशी प्रथमच नीट पाहिलं.

तेवढ्यात सगळ्यांत धाकटी ठकू पुढे आली. "घे गं सगुणाताई, माझी दौत. जागेवरच होती."

सगुणाने चिठ्ठी लिहिली. नावाड्याने दोर सोडला होता. ती कमरेएवढ्या पाण्यात शिरली आणि चिठ्ठी त्याच्या हातात दिली. संध्याकाळी औषध आलं. तिसऱ्या दिवशी आई उठून बसली.

मग सगुणा विहिरीवरची दौत घेऊन गुरुजींकडे गेली.

"गुरुजी, कधीपासून?"

"तुझी आई इथे शिकत होती, तेव्हापासून."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही माझ्यासाठी वस्तू जागेवर ठेवल्या असत्या. त्या तुम्ही तुमच्यासाठी ठेवायला हव्यात." त्यांनी कोनाड्याच्या कडेवरून हात फिरवला. "माझी नजर जाणार हे माझ्या बायकोला आधी कळलं. तिने माझा हात धरून एकेक वस्तू, एकेक जागा दाखवली. मग तीही गेली. जागा मात्र मी हलवल्या नाहीत. त्यांनीच मला इतकी वर्षं चालवलं."

सगुणाने त्यांचा हात धरला आणि दौतीसकट त्यांच्या कोनाड्यात मधोमध नेऊन ठेवला. मग ती आपल्या कोनाड्याकडे वळली आणि डोळे मिटून एकेक वस्तू जागेवर ठेवू लागली.

दुसऱ्या दिवशी गुरुजींचा हात तिच्या कोनाड्यावरून न थबकता पुढे गेला.

तात्पर्य: जागेवर ठेवलेली वस्तू अडचणीच्या वेळी शोधावी लागत नाही, तीच आपली वाट पाहत असते.