गुडघाभर पाण्यातील प्रार्थना

प्रवरेच्या काठी कोळगव्हाण नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथल्या ख्रिस्ती वस्तीत नथनेलबाबांनी आपल्या आयुष्याची अखेरची अकरा वर्षे काढली. चर्चच्या मागच्या उतारावर कुडाची एक खोली, एक घोंगडी आणि एक तांब्या, एवढाच त्यांचा संसार. कोणाचे काही दुखले-खुपले की लोक बाबांकडे येत. बाबा बोलत थोडे, ऐकून घेत फार.

त्याच वस्तीत शांतवन घाटविसावे राहत असे. गुऱ्हाळावरची जुनी लोखंडी काहील, म्हणजे रस आटवायची भलीमोठी कढई, नदीत सोडून तिच्यात माणसे बसवायची आणि पोहत, ढकलत पलीकडे न्यायची, हा त्याचा आणि त्याचा थोरला भाऊ हनोख याचा धंदा. एका श्रावणात हनोख पुरात वाहून गेला. त्या दिवशी शांतवनाने काहील काठावर पालथी घातली ती घातलीच. पुढे तो मजुरीला जाऊ लागला. नदीकडे बघेना. चर्चमध्ये सर्वांत मागे बसे आणि प्रार्थनेच्या वेळी त्याचे ओठही हलत नसत.

एके दिवशी तो बाबांसमोर येऊन बसला. म्हणाला, "बाबा, माझ्यात विश्वास उरलेला नाही. उगाच लोकांत बसून ढोंग कशाला करू?"

"अगदी काहीच उरला नाही?" बाबांनी विचारले.

"असेल थोडा. पण तेवढ्याने काय होणार?"

"तू माझ्याकडे चालत आलास ना? तेवढ्याने हे झाले," बाबा म्हणाले. "उद्या सकाळी नदीवर जा. पाऊल बुडेल एवढ्याच पाण्यात उभा राहा. 'प्रभू, तू आहेस' एवढे म्हण आणि घरी ये. मनापासून निघाले नाही तरी म्हण. रोज म्हण."

पहिल्या दिवशी पाणी पायाला लागताच शांतवन शब्द अर्धवट टाकून पळत आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. महिन्याभराने पाणी पोटऱ्यांना लागले, उन्हाळ्यात गुडघ्यांना. कधी शब्द कोरडेच निघत, कधी म्हणता म्हणता रडू येई. एका सकाळी तो नदीवरून घरी न जाता थेट हनोखच्या बायकोच्या दारी गेला. भाऊ आपल्या डोळ्यांदेखत गेला या लाजेने दोन वर्षे त्याने तिला तोंड दाखवले नव्हते. तो म्हणाला, "वहिनी, छपराची कौले सरकलीत, नीट करून देतो."  वहिनीने शिडी आणून दिली.

चर्चच्या मंडळीचे पंच फिलिपराव रणनवरे यांना हे सारे पोरकट वाटे. प्रार्थनेला उभे राहिले की अर्धा तास बसायचे नाहीत, असा त्यांचा लौकिक! चर्चबाहेर चारचौघांत ते म्हणाले, "शांतवन, गुडघाभर पाण्यात म्हशीही उभ्या राहतात. त्यांचाही विश्वास वाढतो की काय?"

लोक हसले. शांतवनाने मान खाली घातली. बाबा तेथेच होते. त्यांनी फक्त त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

भाद्रपदात फिलिपरावांची सून मार्था बाळंतपणाला अडली. सकाळपासून कळा येत होत्या, पण मूल आडवे होते. दुपारी सुईण बाहेर आली आणि म्हणाली, "हे माझ्या हातचे राहिले नाही. पलीकडे मिशनच्या दवाखान्यात न्या, नाहीतर दोन्ही जीव जातील."

नदी दुथडी भरून वाहत होती. पोहणारे गडी काठावर येऊन पाण्याकडे पाहत आणि मागे फिरत. इतक्यात लोखंड खरवडल्याचा आवाज आला. शांतवन काहील पाण्याकडे ओढत होता! त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पंच, पोरीला आणा," तो म्हणाला. "तिला धरून तुम्हीही आत बसा."

बाबा काठावरच्या चिखलात गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

निम्मी नदी ठीक गेली. मधल्या डोहावर धारेने काहील गरकन फिरवली. कड कलून पाणी आत आले. मार्था किंचाळली. फिलिपरावांनी प्रार्थनेला तोंड उघडले, पण अर्धा अर्धा तास न थांबणाऱ्या त्या जिभेवर एक शब्द येईना. शांतवनाचे हात सुटत चालले होते. त्याच्या तोंडून निघाले, "प्रभू, तू आहेस."

आणि त्याच्या पायांना जमीन लागली!

छातीभर पाण्यात तो सरळ उभा राहिला. त्याने काहील घट्ट धरली आणि एकेक पाऊल टाकत चालू लागला. चहूकडून पूर धावत होता आणि काठावरचे लोक श्वास रोखून त्या चालणाऱ्या माणसाकडे पाहत होते. पैलतीराला लागताच मार्थाला उचलून दवाखान्यात नेले. दिवस मावळायच्या आत तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या.

पूर ओसरल्यावर फिलिपराव एकटेच नदीवर गेले. खालच्या गावच्या भोयाकडून मागून आणलेल्या होडीतून त्यांनी त्या डोहात दोन बांबू एकापुढे एक बांधून सोडले. तळ लागला नाही. तीन ठिकाणी सोडून पाहिले. कोठेच लागला नाही.

तेथून ते तडक बाबांच्या खोलीवर आले आणि त्यांच्या पायांवर वाकू लागले. बाबा बाजूला झाले. "पंच, मी काठावर होतो. पाण्यात तो होता, आणि त्याला धरणारा होता."

शांतवन वहिनीच्या अंगणात तिच्यासाठी लाकडे फोडत होता. फिलिपराव तेथे आले, सगळ्या वस्तीसमोर डोक्यावरचा फेटा उतरवला आणि त्याच्या पायांवर डोके ठेवले.

शांतवन गडबडून गेला. "उठा, पंच! हे काय करता? अहो, मला अजून पाण्याची भीती वाटते."

"मग त्या दिवशी गेलास कसा?"

"भीत भीतच गेलो," शांतवन म्हणाला. "प्रभूने तेवढेही घेतले."

 फिलिपरावांचे डोके खालीच राहिले.