नदीपलीकडचा जोशी

फार वर्षं झाली या गोष्टीला. नदीकाठच्या एका तीर्थक्षेत्री त्र्यंबक नावाचा जोशी राहत होता. पंचांग मांडणं हे त्याचं काम, पण जीव रमायचा तो आभाळात. ताऱ्यांचं उगवणं-मावळणं पाहता पाहता त्याला उमगलं, की फिरतं ते आभाळ नव्हे. फिरते ती पृथ्वी.

घाटावर कुणी विचारलं, की तो हसून म्हणायचा, "फुगडी घालताना सगळं अंगण गरगरतं ना? मग फिरतं कोण, अंगण की आपण?"

ही गोष्ट मठापर्यंत गेली. मठाधिपती संतापले. "पृथ्वी अचल आहे. बोललास ते भरसभेत मागे घे, नाहीतर गाव सोड!"

त्र्यंबकने मान खाली घातली, पण शब्द मागे घेतला नाही. त्याला वाळीत टाकलं गेलं. नदीपलीकडच्या माळावर त्याने झोपडी बांधली. बायको सगुणा मागेच राहिली. अंथरुणाला खिळलेल्या सासूला सोडून ती कशी येणार?

माळावर आभाळ मोकळं होतं. तरी संध्याकाळ झाली की त्याची नजर वर न जाता गावाकडे जाई. आरतीची घंटा पाण्यावरून ऐकू येई. एवढ्या धुरांत आपल्या चुलीचा धूर कोणता, हे तो शोधत बसे. हातातला घास तसाच राही.

एके दिवशी नावाडी सांगत आला, "जोशीबुवा, आई फार थकल्यात. सारखं तुमचं नाव घेतात."

त्र्यंबक तसाच नावेत बसला आणि मठाच्या दारात येऊन उभा राहिला.

"पृथ्वी स्थिर आहे, एवढंच म्हण," मठाधिपती म्हणाले. "आणि घरी जा."

"पृथ्वी स्थिर आहे," तो कसाबसा म्हणाला आणि घराकडे धावत सुटला.

आईने त्याचा हात घट्ट धरला. "त्र्यंबका, एवढी वर्षं वर बघत होतास. काय दिसलं रे? मला सांग की."

त्याने तिच्या कानाशी लागून सगळं सांगितलं. आई ऐकता ऐकता हसली. दोन दिवसांनी ती गेली.

दिवसकार्य उरकल्यावर त्र्यंबक मठात गेला. "महाराज, आईसाठी खोटं बोललो. आता ते माझ्याच्याने निभत नाही. पृथ्वी फिरते."

मठाधिपतींनी हातातली पोथी मिटली. "पुन्हा या गावात पाऊल टाकता येणार नाही. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," तो म्हणाला. डोळे मात्र भरून आले.

घाटावर आला, तर सगुणा गाठोडं घेऊन नावेत आधीच बसली होती. "चला," ती एवढंच म्हणाली.

पुढे पुढे, शिकायची हौस असलेली गावातली माणसं नदी ओलांडून त्याच्याकडे येऊ लागली. त्र्यंबक मात्र पुन्हा गावात गेला नाही. संध्याकाळी दोघं काठावर बसत.

"घराची आठवण येते हो," सगुणा म्हणे.

"मलाही येते," तो म्हणे. आणि दोघं दिवे लागेपर्यंत गावाकडे बघत राहत.

तात्पर्य: खऱ्याची बाजू धरली म्हणून मनाची ओढ संपत नाही, ती ओढ सोसूनही जो खऱ्याला सोडत नाही, तोच धीराचा.