सरपंचांची आगटी

मला राग सहसा येत नाही, पण त्या थंडीत आला. गावात कडब्याची एक गंजी जळाली, म्हणून सरपंच बापूसाहेबांनी दवंडी पिटवली, की परसात कुणी शेकोटी पेटवायची नाही.

माझ्या शेजारच्या पारूबाईचा म्हातारा लकव्यानं आखडलेला. सकाळी शेक मिळाल्याशिवाय त्याची बोटं उघडत नसत, भाकरी धरता येत नसे. ती बिचारी कडब्यापासून लांब, पाण्यानं भरलेली घागर जवळ ठेवून शेकोटी करायची. सरपंचांनी येऊन तिचीच घागर तिच्या शेकोटीवर उपडी केली.

"दादा, जपून पेटवली होती हो," ती म्हणाली.

"आग माणूस ओळखत नाही, म्हातारे. नियम सगळ्यांना सारखा."

म्हातारा काकडत बसला. माझ्या छातीत जाळ झाला.

रविवारी सरपंचांच्याच परसात तालुक्याचे पाहुणे हुरड्याला जमले. कणसं भाजायची आगटी गंजीला अगदी खेटून पेटलेली, आणि जवळ तांब्याभर पाणीसुद्धा नाही. पारूबाई भरली घागर घेऊन तडक आत गेली आणि तिनं ती आगटीत ओतली. कणसं राखेच्या चिखलात गेली.

"डोळे फुटले का तुझे? आगटी कुणाची आहे, कळतं का?" सरपंच लालबुंद झाले.

"कळतं की," पारूबाई म्हणाली. "पण आग माणूस ओळखत नाही, तुम्हीच म्हणालात. मग पाण्यानं तरी कशाला ओळखावं?"

पाहुणे खाली बघून हसले.

दुसऱ्या सकाळी पारूबाईची शेकोटी पेटली. सरपंच कुंपणाजवळून गेले, पण त्यांनी मान वळवली नाही. म्हाताऱ्यानं आपल्या हातानं भाकरी मोडली.